घाटातील बारी

चैत्र महिना लागतो. गहू-हरभऱ्याची खळी उरकलेली असतात, रानात फारसे काम उरलेले नसते आणि ऊन दिवसेंदिवस तापू लागलेले असते. अशा वेळी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात यात्रांचा हंगाम सुरू होतो. घोडनदी व भीमा या नद्यांमध्ये पसरलेला शिरूर तालुका, त्याच्या शेजारचे खेड आणि आंबेगाव हे तालुके, त्यांच्या पलीकडचा जुन्नर, या साऱ्या टापूत गावोगावचे ग्रामदैवत निराळे. कोठे भैरवनाथ, कोठे खंडोबा, कोठे मारुती. शिरूर तालुक्यातील कवठे या गावी यमाई देवीचे ठाणे इतके प्रसिद्ध, की त्या गावालाच कवठे यमाई असे म्हणतात. देव निराळे असले तरी यात्रेतील एक कार्यक्रम पुष्कळ गावी सारखाच असतो. देवाचा अभिषेक झाला, नैवेद्य दाखवून झाला, पालखी मिरवली, की सारा गाव माळावरील घाटाकडे लोटतो. तेथे बैलगाड्यांची शर्यत असते.

घाट म्हटला की सह्याद्रीतील वळणावळणाचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. परंतु हा घाट तसा नव्हे. गावाबाहेरच्या चढणीच्या जागी जमिनीचा एक लांब सरळ पट्टा निवडतात, त्यातील दगडधोंडे वेचून काढतात, माती टाकून तो सारखा करतात आणि दोन्ही बाजूंना लोकांना उभे राहता यावे अशी सोय ठेवतात. हाच घाट. गाडे खालून सुटतात आणि वर पोहोचतात. शर्यतीला चढच का निवडावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. चढावर जनावराला जोर अधिक लावावा लागतो, हे खरे. पण भरधाव सुटलेले चार बैल शेवटची रेघ ओलांडल्यावर आवरावे कसे, हीही अडचण मोठी असते. ती अडचण चढच दूर करतो. रेघ ओलांडली की बैलांचा वेग आपोआप ओसरू लागतो, आणि वर उभी असलेली माणसे त्यांना धरू शकतात.

शर्यतीचा गाडा शेतावरच्या गाडीसारखा नसतो. ओझे वाहण्यासाठी तो केलेलाच नसतो. दोन चाके, एक हलका सांगाडा आणि पुढे आलेली धुरा, एवढाच त्याचा पसारा. त्याला चार बैल जुंपतात. दोन बैल धुरेला असतात, आणि त्यांच्या पुढे आणखी एक जोडी असते. तिला जुकाट म्हणतात. धुरेचे बैल अंगाने भक्कम असावे लागतात, कारण गाडा सरळ ठेवण्याचे काम त्यांचे. जुकाटाचे बैल चपळ असावे लागतात, कारण सगळ्या गाड्याची चाल त्यांच्या पायांवर ठरते. चारही बैल एकाच शेतकऱ्याच्या दावणीचे असतीलच असे नाही. धुरेला एकाचा बैल, जुकाटाला दुसऱ्याचा, अशी दोघा-तिघांची भागी करूनही गाडा उभा राहतो. मग महिनाभर आधीपासून त्या बैलांना एकत्र जुंपून एकमेकांची सवय लावावी लागते. चार बैलांपैकी एक जरी दुसऱ्याच्या चालीने चालेनासा झाला, तरी बाकीच्या तिघांचे बळ व्यर्थ जाते.

हे बैल बहुधा खिलार जातीचे असतात. खिलार ही सोलापूर, सातारा, सांगली या कमी पावसाच्या मुलखात वाढलेली जात. पांढराशुभ्र किंवा करडा वर्ण, लांबट तोंड, मागे वळून वर गेलेली निमुळती शिंगे, घट्ट खूर आणि तापट स्वभाव, ही तिची लक्षणे. दूध देण्यात खिलार गाय फारशी पुढे नाही. पण चालण्यात आणि धावण्यात खिलार बैलाची बरोबरी करणारी जनावरे थोडी. म्हसवड आणि खरसुंडी येथील यात्रांतून ही खोंडे विकत घेऊन शेतकरी घरी आणतात, त्यांना पोटच्या मुलाप्रमाणे वाढवतात, नदीत पोहणी लावतात, भिजवलेला हरभरा, दूध, अंडी असा खुराक घालतात. घरातील मुलांना अंडे मिळाले नाही तरी चालेल, पण खोंडाचे चुकता कामा नये, असा कित्येक घरांतील नियम! तो सर्वांनाच पटेल असे नाही.

शर्यतीच्या दिवशी गाड्यांची नावे आधी नोंदवून घेतात आणि कोणता गाडा कितव्या क्रमाने सुटावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. प्रत्येक गाडा एकटाच धावतो. त्याच्या एका धावेला बारी म्हणतात. आपली बारी आली की गाड्याची माणसे बैलांना घेऊन खालच्या रेघेशी येतात. बैलांच्या कपाळी भंडारा लागतो. शिंगांना, वेसणींना, जुवांना धरून दहा-पंधरा माणसे त्यांना कसेबसे थोपवून धरतात, कारण त्या बैलांना पुढे काय होणार हे पुरते ठाऊक असते. ते खुरांनी माती उकरतात, माना हिसकतात. गाड्यापुढे काही अंतरावर घोडीवर बसलेला एक स्वार तयार असतो. इशारा होतो, घोडी उधळते, धरलेली माणसे एकदम बाजूला होतात आणि कर्ण्यावरून पुकारणाऱ्याचा ‘भिर्रर्र!’ असा आवाज घाटभर घुमतो.

त्यानंतरचे सारे बारा-तेरा सेकंदांत आटोपते. धुळीचा एक लोट खालून वर सरकताना दिसतो; त्यात आठ शिंगे, पुढे घोडीची शेपटी, आणि गाड्याची चाके कधी जमिनीला टेकतात तर कधी नुसतीच उडतात. दोन्ही बाजूंनी टोप्या, पागोटी, उपरणी हवेत उडतात. गाडा वरची रेघ ओलांडतो तेव्हा घड्याळ लावून बसलेले पंच वेळ टिपतात आणि ती लगेच पुकारली जाते. एका सेकंदाचे शंभर भाग करून मोजणारी घड्याळे आता घाटावर आली आहेत. कारण दोन गाड्यांतील अंतर पुष्कळदा त्याहून अधिक नसते. अनेक घाटांवर निकालाची रीत मोठी मजेशीर आहे. ठरावीक सेकंदांच्या आत आलेले सगळेच गाडे पहिल्या क्रमांकाचे धरतात, त्याहून थोडे मागे राहिलेले सगळे दुसऱ्या क्रमांकाचे, आणि बक्षिसाची रक्कम त्या त्या क्रमांकातील गाड्यांत वाटून देतात. सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या गाड्याला मात्र ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान मिळतो.

या शर्यतीतील सर्वांत विलक्षण गोष्ट, पाहणाराने मुद्दाम न्याहाळली नाही, तर धुळीत हरवून जाण्याजोगी आहे. धावणाऱ्या गाड्यावर कोणीही बसलेला नसतो. कासरा धरणारा नाही, चाबूक उगारणारा नाही. खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत बैल आणि गाडा हे दोघेच असतात. भीमा ओलांडून दौंडवरून दक्षिणेकडे, सातारा-सांगलीच्या बाजूस गेले, की शर्यतीचे रूप पालटते. तेथे सपाट रानावर छकड्यांची शर्यत होते, छकड्याला दोनच बैल असतात आणि त्यावर गाडीवान असतो. तेथे गाडीवानाचे नाव गाजते. शिरूरच्या बाजूस गाजते ते बैलाचे नाव, आणि त्याच्या गावाचे.

गावाने देवाच्या नावाने जनावरे धाववावीत आणि विजय माणसाचा नव्हे तर जनावराचा मानावा, ही रीत केवळ महाराष्ट्रातच आहे असे नाही. येथून हजारो मैलांवर, इटली देशात, सिएना नावाचे एक जुने नगर आहे. मध्ययुगात हे नगर स्वतंत्र राज्य होते. त्याचे सतरा पेठांत विभाग पडले असून प्रत्येक पेठेला स्वतःचे निशाण, स्वतःचे देऊळ आणि स्वतःचे नाव आहे. नावेही गमतीची! गरुड, कासव, गोगलगाय, साळिंदर, सुरवंट अशी ती आहेत. कोणती गल्ली कोणत्या पेठेत मोडते याच्या सीमा १७२९ साली आखून दिल्या, आणि आजही त्याच चालतात. मूल ज्या पेठेत जन्मते ती पेठ त्याची जन्मभर राहते. पेठेच्या स्वतःच्या कारंज्याच्या पाण्याने त्याला पेठेत घेण्याचा विधीही होतो.

दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दोन दिवशी, मेरीमातेच्या सन्मानार्थ, या पेठांची घोड्यांची शर्यत नगराच्या मुख्य चौकात होते. तिला पालिओ म्हणतात. पालिओ म्हणजे रंगवलेले रेशमी निशाण. विजयी पेठेला तेवढेच बक्षीस मिळते. चौक शिंपल्यासारखा उतरता आहे आणि त्यावर दगडविटांची फरसबंदी आहे. शर्यतीपूर्वी त्याच्या कडेने मातीचा जाड थर पसरतात. चौक अरुंद असल्यामुळे सतरापैकी दहाच पेठा एका वेळी धावतात. कोणत्या पेठेला कोणता घोडा मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरते, म्हणजे पैशाच्या बळावर उत्तम घोडा मिळवण्याची सोयच राहत नाही. शर्यतीच्या दिवशी घोड्याला पेठेच्या देवळात नेतात, आणि धर्मगुरू त्याला आशीर्वाद देऊन विजयी होऊन परत येण्यास सांगतो. चौकाला तीन फेऱ्या घालायच्या असतात. दीड मिनिटाच्या आत सारे संपते. स्वारांना खोगीर नसते. वळणावर ते पटापट खाली पडतात. स्वार पडला तरी घोडा धावतच राहतो, आणि रिकाम्या पाठीने तो पहिला आला, तर विजय त्याच्या पेठेचाच धरतात. स्वार बहुधा बाहेरगावचा, पैसे घेऊन आलेला. घोडा मात्र त्या चार दिवसांपुरता पेठेचा होऊन गेलेला असतो. विजयानंतर पेठेचे लोक गल्लीत लांबच लांब पंगत मांडतात, आणि त्या पंगतीत मानाच्या जागी घोड्याला उभे करून त्याला चारा घालतात. घाटाच्या राजाची गुलाल उधळीत गावातून मिरवणूक काढणाऱ्या शिरूरकराला ती पंगत पाहून मुळीच नवल वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट अशी, की सिएनाच्या त्या चौकात घोड्यांची शर्यत रूढ होण्यापूर्वी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पेठा म्हशी-रेड्यांच्या शर्यती लावीत असत. म्हणजे शिंगांच्या जनावरांना धाववण्याची हौस तिकडेही होती.

जनावराला मान मिळतो, हे ठीक. पण त्या जनावराला धावावेसे वाटते काय? हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारला गेला आहे. सिएनाच्या वळणांवर घोडे जायबंदी झाले, काही मेले. त्यानंतर तेथील नियम कडक झाले, वळणावरील भिंतींना गाद्या बांधू लागले, शर्यतीपूर्वी घोड्यांची तपासणी होऊ लागली आणि फार नाजूक हाडांच्या अस्सल शर्यती जातीचे घोडे घेणे बंद झाले. भारतात हाच प्रश्न न्यायालयापुढे गेला.

बैलाला चिडवण्यासाठी काही लोक वाईट उपाय करीत. पराणीच्या टोकाला लोखंडी आर बसवून ती टोचणे, शेपूट पिरगळणे, प्रसंगी चावणे, विजेचा झटका देणे, असे प्रकार निरनिराळ्या राज्यांतील शर्यतींत घडल्याचे प्राण्यांची काळजी वाहणाऱ्या संस्थांनी दाखवून दिले. हे आक्षेप पोकळ नव्हते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात १९६० सालापासून आहे. त्या कायद्याखाली ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत, त्यांच्या यादीत केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्याबरोबर बैलाचाही समावेश केला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोन्ही थांबवल्या. घोड्याची शरीररचना धावण्यासाठी आहे, बैलाची तशी नाही. तो ओढकाम करणारा प्राणी आहे, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले.

घाट ओस पडले. माळावरील माती पावसाने वाहून गेली आणि तेथे गवत उगवले. गाडामालकांचे म्हणणे असे, की नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, मोटेची जागा पूर्वीच इंजिनाने घेतली होती. आता शर्यतही गेली, तर खिलार खोंड सांभाळायचा कशासाठी? ज्याला काम नाही ते जनावर गोठ्यात फार दिवस राहत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्यांचे हे म्हणणेही खोटे नव्हते. एकीकडे एका बैलाला होणारी वेदना, दुसरीकडे बैलांच्या एका जातीचेच भवितव्य, असा हा पेच होता. आणि ज्यांनी तो सोपा मानला, त्यांनी बहुधा एकच बाजू ऐकलेली होती.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून शर्यतीला नियमांच्या चौकटीत परवानगी दिली; परंतु त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू व कर्नाटक या तिन्ही राज्यांचे दुरुस्त कायदे वैध ठरवले. सिएनाची शर्यतही दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४४ या काळात आणि साथीमुळे २०२० व २०२१ साली बंद पडली होती. तेथील खंड संकटामुळे पडला. येथील खंड मात्र बैलाच्या वतीने कोणीतरी प्रश्न विचारल्यामुळे पडला होता.

आता घाट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धावपट्टी १००० मीटरहून लांब असता कामा नये; शिरूरकडचे घाट त्याहून पुष्कळच आखूड असल्याने या अटीची झळ त्यांना लागत नाही. पशुवैद्याने तपासून दाखला दिल्याशिवाय बैल जुंपता येत नाही. चाबूक, काठी, पराणी, विजेचे यंत्र यांपैकी काहीही वापरण्यास मनाई आहे. नियम मोडून बैलाला इजा केली, तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाड्यावर कोणी बसत नाही ही घाटाची जुनी रीत या नियमांशी आपोआप जुळते खरी; परंतु खालच्या रेघेपाशी, जेथे दहा-पंधरा माणसे बैलांभोवती दाटीने उभी असतात, तेथे कोणाच्या मुठीत काय आहे, हे पंचांना वरून दिसत नाही. म्हणून दक्ष गावांत एक पंच वर घड्याळ घेऊन बसतो, तर दुसरा खाली केवळ हात पाहण्यासाठी उभा राहतो. कठीण काम दुसऱ्याचे.

बैलांविषयीचा हा विचार घाटावरच संपत नाही. शिरूरहून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. तो पाटबंधाऱ्याचा, उसाचा मुलूख. पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाच्या दिवसांत उसाने भरलेल्या बैलगाड्या रस्त्याने वाकत, करकरत जाताना दिसतात. त्या बैलांना कोणी नावाने ओळखत नाही, त्यांच्यावर गुलाल पडत नाही. घाटावरचा बैल बारा सेकंद धावतो. उसाचा बैल पहाटेपासून ओढतो. त्याच्यासाठीही नियम आहेत, आणि ते १९६५ सालापासून आहेत. ओझ्याची मर्यादा ठरलेली आहे. दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक वेळ जनावर जुंपू नये. पारा ३७ अंशांच्या वर जातो अशा ठिकाणी दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला कामाला लावू नये. अणकुचीदार काठी वापरू नये, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. त्या रस्त्यांवर घड्याळ लावून बसलेला पंच नसतो. दुपार टळेपर्यंत एखाद्या लिंबाखाली गाड्या सोडून, जू उतरवून बैलांना पाणी पाजणारा गाडीवान दिसतो, तेव्हा त्याने ते पुस्तक वाचलेले नसते. बैलाच्या खांद्यावर हात ठेवून तो किती तापला आहे एवढेच त्याने पाहिलेले असते.